'हँडलिंग'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा का?

फोर्टमधल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात काही वर्षं काम केलेली मुलगी नव्या नोकरीसाठी अर्ज लिहिते: "आय वर्क्ड विथ अ फर्म हँडलिंग जीएसटी रिटर्न्स." व्याकरणाची एकही चूक नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की ती ज्या फर्ममध्ये होती ती फर्म जीएसटीची रिटर्न्स भरायची. तिथे ती स्वतः काय करत होती, रिटर्न्स भरत होती की फायली लावत होती, हे वाक्यात कुठेच नाही. आता 'फर्म'नंतर एक स्वल्पविराम द्या: "आय वर्क्ड विथ अ फर्म, हँडलिंग जीएसटी रिटर्न्स." रिटर्न्स भरणारी आता ती झाली. एका चिन्हाने तिचं काम फर्मच्या खात्यातून तिच्या खात्यात आलं.

मुंबईत मराठी माध्यमातून शिकलेली असंख्य माणसं रोज इंग्रजीत लिहितात. ऑफिसचे मेल, सोसायटीच्या नोटिसा, बँकेला पत्रं, पोलीस स्टेशनात द्यायचे अर्ज. त्यांचे काळ चुकत नाहीत, स्पेलिंग तर मशीनच सुधारतं. पण 'हँडलिंग'सारखा आयएनजी (-ing) लागलेला शब्द आला की त्याच्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, हे बहुतेक जण अंदाजाने ठरवतात. काही क्लासमध्ये तर सरळ सांगतात, की आयएनजीच्या आधी नेहमी स्वल्पविराम. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याने जितकी वाक्यं सुधारतात तितकीच बिघडतात.

दुसरा सल्ला शाळेतला: वाचताना थांबाल तिथे स्वल्पविराम. त्याचं मूळ फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी 200च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनीसने ग्रीक मजकुरात ठिपके द्यायची पद्धत काढली, ती मोठ्याने वाचणाऱ्याने कुठे किती थांबायचं हे दाखवण्यासाठीच. आजच्या इंग्रजीत मात्र स्वल्पविराम श्वासावर नव्हे, वाक्याच्या रचनेवर अवलंबून असतो. श्वास प्रत्येकाचा वेगळा. रचना तशी नसते.

ही रचना ओळखायला मराठी माणसाला बाहेर कुठे जावं लागत नाही, असं मला ठामपणे वाटतं. आपल्या भाषेत धातूला लागणारे प्रत्यय आहेत: येणारा, आलेला, येत, येताना, येऊन, येणं. शाळेत त्यांना धातुसाधितं म्हणतात. प्रत्येकाचं काम वेगळं आहे आणि बोलताना आपण त्यात कधीच चुकत नाही. 'भरणाऱ्या फर्ममध्ये' म्हटलं की भरणारी फर्म, 'भरत होते' म्हटलं की भरणारी मी. इंग्रजीने यातली बहुतेक कामं एकट्या आयएनजीवर टाकली आहेत. 'कमिंग' म्हणजे येणाराही, येतानाही, येऊनही आणि येणंही. मग वाचणाऱ्याने कळून घ्यायचं कसं? एक तर शब्दांच्या क्रमावरून, दुसरं स्वल्पविरामावरून. जे काम मराठीत प्रत्यय करतो, त्यातलं बरंचसं इंग्रजीत त्या छोट्या चिन्हाला करावं लागतं.

जुनी मोडी कागदपत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच पटेल. आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. तरी जाणकाराला मजकूर लागतो, आणि त्याचं एक कारण हेच, की कोणता शब्द कोणाला जोडलेला आहे ते प्रत्यय सांगत असतात. स्वल्पविराम, अर्धविराम मराठीत आले ते इंग्रजीच्या संगतीने, एकोणिसाव्या शतकात. ते रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश पुरा करणारे हेच कँडी. तो कोश 1847 मध्ये मुंबईत छापला गेला. मराठी वाक्यात स्वल्पविराम राहून गेला तर बहुतेक वेळा काही अडत नाही, म्हणून इंग्रजी लिहितानाही आपण त्याच्याकडे तितकं लक्ष देत नाही. तिथे मात्र अडतं.

तेव्हा आयएनजीचा तुकडा मनात मराठीत आणायचा आणि कोणता प्रत्यय लागतो ते पाहायचं.

'णारा' किंवा 'लेला' लागत असेल, आणि तो तुकडा 'कोणता?' या प्रश्नाचं उत्तर देत असेल, तर स्वल्पविराम नाही. बिल्डरच्या माणसाने मेल केला, असं धरू: "द फ्लॅट्स फेसिंग द सी हॅव बीन सोल्ड." समुद्राकडे तोंड असलेले फ्लॅट विकले गेले. कोणते फ्लॅट? समुद्राकडचे. मागच्या बाजूचे अजून शिल्लक असणार, फोन करायला हरकत नाही. आता तेच वाक्य स्वल्पविराम देऊन: "द फ्लॅट्स, फेसिंग द सी, हॅव बीन सोल्ड." आता सगळेच फ्लॅट विकले गेले, आणि जाता जाता असंही कळलं की ते सगळे समुद्राकडे तोंड करून आहेत. मुंबईत या दोन वाक्यांमधला फरक पैशात मोजला तर किती भरेल, ते सांगायला नको.

रेल्वेच्या विषयावरचं वाक्य घ्या. "पॅसेंजर्स ट्रॅव्हलिंग विदाउट अ टिकेट विल बी फाइन्ड." विनातिकीट प्रवास करणाऱ्यांना दंड होईल. इथे दोन स्वल्पविराम घातले तर अर्थ होतो, की सगळे प्रवासी विनातिकीट आहेत आणि सगळ्यांना दंड होणार. वाचणारा संदर्भावरून समजून घेतो म्हणून गोंधळ होत नाही. पण करारात, टेंडरमध्ये, सोसायटीच्या ठरावात संदर्भावर भिस्त ठेवता येत नाही.

कायद्याच्या भाषेत हे किती गंभीर होतं त्याचं एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 27 मधले इंग्रजी शब्द असे होते: "मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल". प्रश्न असा, की औषधांचा नुसता साठा जवळ असणं हा गुन्हा, की विक्रीसाठी साठा असणं हा गुन्हा? 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या खटल्यात निकाल देताना बोट ठेवलं ते 'स्टॉक्स'नंतर नसलेल्या स्वल्पविरामावर. तो नाही, म्हणजे 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' हे एकसंध आहे. 'विक्रीसाठी' ही अट साठ्यालाही लागू होते, म्हणून नुसता साठा या कलमाखाली गुन्हा ठरत नाही. इथे आयएनजी कुठे नाही, पण तत्त्व तेच. मागून येणारा तुकडा कोणाला जोडायचा आणि कोणापासून तोडायचा, हे स्वल्पविराम ठरवतो.

पण 'णारा' लागला की स्वल्पविराम कधीच नाही, असं मात्र धरून चालू नका. मराठीत आपण 'शिवडी आणि न्हावा शेवा यांना जोडणारा पूल' म्हणतो आणि 'शिवडी आणि न्हावा शेवा यांना जोडणारा अटल सेतू' असंही म्हणतो. प्रत्यय एकच, काम वेगळं. पहिल्यात पूल कोणता ते कळण्यासाठी तो तुकडा लागतो, कारण मुंबईत पूल पुष्कळ आहेत. दुसऱ्यात अटल सेतू म्हटल्यावर कोणता ते कळलेलंच आहे, पुढचा तुकडा जास्तीची माहिती देतो. मराठी हा फरक लिहून दाखवत नाही, इंग्रजी दाखवते. "द ब्रिज कनेक्टिंग शिवडी अँड न्हावा शेवा वॉज ओपन्ड इन जानेवारी 2024" यात स्वल्पविराम नाही. "अटल सेतू, कनेक्टिंग शिवडी अँड न्हावा शेवा, वॉज ओपन्ड इन जानेवारी 2024" यात दोन आहेत. म्हणून प्रत्ययाइतकाच 'कोणता?' हा प्रश्न महत्त्वाचा. तो विचारावाच लागत नसेल, जसं विशेषनामाच्या बाबतीत लागत नाही, तर तुकड्याला स्वल्पविरामांच्या मध्ये ठेवायचं.

'डिझाइन्ड'सारख्या, म्हणजे शेवटी ईडी (-ed) लागलेल्या रूपांचंही हेच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखली आणि 2004 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. हे एका वाक्यात लिहायचं तर: "द टर्मिनस, डिझाइन्ड बाय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, वॉज पुट ऑन द वर्ल्ड हेरिटेज लिस्ट इन 2004." आपण एकाच टर्मिनसबद्दल बोलतोय, म्हणून स्वल्पविराम. "द बिल्डिंग्ज डिझाइन्ड बाय स्टीव्हन्स" असं सुरू केलं तर नाही, कारण आता मुंबईतल्या सगळ्या इमारतींमधून त्यांनी आखलेल्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या आहेत.

आता वाक्याच्या शेवटी येणारा तुकडा. खरी गडबड इथेच होते, कारण तो ज्याच्या शेजारी बसलेला असतो त्याचा नसतोच. देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली, तीत सुमारे 400 माणसं होती. इंग्रजीत: "द ट्रेन लेफ्ट फॉर ठाणे, कॅरिंग अबाउट 400 पॅसेंजर्स." चारशे माणसं घेऊन निघाली ती गाडी, ठाणे नव्हे. 'कॅरिंग'च्या शेजारी ठाणे आहे, पण त्याचा संबंध वाक्याच्या सुरुवातीच्या गाडीशी आहे. मधल्या शब्दावरून उडी मारून मागे कर्त्याकडे जा, असं स्वल्पविराम वाचणाऱ्याला सांगतो. मराठीत इथे 'घेऊन' येतं, म्हणजे 'ऊन'. शेवटच्या तुकड्याला मराठीत 'ऊन' लागत असेल आणि तो कर्त्याचा असेल, तर बहुतेक वेळा इंग्रजीत त्याच्या आधी स्वल्पविराम लागतो. अर्जातल्या 'हँडलिंग'चंही असंच आहे. तिथे काम फर्मचं नाही, 'आय'चं आहे, आणि मध्ये फर्म आडवी आली आहे. अर्थात अर्जात मी तरी सरळ 'आय हँडल्ड' असंच लिहायला सांगेन. आपलं काम सांगताना वाचणाऱ्याला उड्या मारायला लावण्यात अर्थ नाही.

कधी शेवटचा तुकडा कोणा एकाचा नसून आधी घडलेल्या सगळ्या गोष्टीचा परिणाम असतो. 26 जुलै 2005 मुंबईकर विसरलेले नाहीत. "सांताक्रूझ रिसीव्ड 944 मिलिमीटर्स ऑफ रेन इन 24 अवर्स, ब्रिंगिंग द सिटी टू अ हॉल्ट." शहर कोणी ठप्प केलं? सांताक्रूझने नाही, चोवीस तासांनीही नाही. एका दिवसात इतका पाऊस पडला, या घटनेने. मराठीत इथे आपण 'आणि त्यामुळे' म्हणतो. 'त्यामुळे' लावता येत असेल तर स्वल्पविराम हवाच, यात पर्याय नाही. तो काढला की 'ट्वेंटी-फोर अवर्स ब्रिंगिंग द सिटी' असे शब्द एकमेकांना चिकटतात आणि वाचणारा अडखळून पुन्हा मागे जातो.

बातम्यांत एक सापळा वारंवार दिसतो, तो 'यूजिंग' या शब्दाचा. "द पोलीस ट्रेस्ड टू मेन यूजिंग सीसीटीव्ही फुटेज." फुटेज कोण वापरत होतं, पोलीस की ती दोन माणसं? स्वल्पविराम दिला तर पोलीस, पण तरी वाक्य मोकळं होत नाही. अशा वेळी तुकडाच पुढे न्यावा: "यूजिंग सीसीटीव्ही फुटेज, द पोलीस ट्रेस्ड टू मेन." स्वल्पविरामाने भागत नसेल तिथे क्रम बदलणं केव्हाही चांगलं.

आयएनजीच्या आधी स्वल्पविराम अजिबात चालत नाही अशाही जागा आहेत, आणि 'नेहमी द्या' म्हणणारा सल्ला नेमका इथे घात करतो. 'सी', 'हिअर', 'वॉच', 'कॅच' अशा क्रियापदांनंतर: "आय सॉ हर रनिंग फॉर द ट्रेन." मी तिला गाडीसाठी धावताना पाहिलं. धावणं हे पाहण्याचाच भाग आहे, ते तोडता येत नाही. स्वल्पविराम दिला तर धावणारा मी होतो. तसंच 'स्पेंड' आणि 'बिझी' यांचं. "आय स्पेंट टू अवर्स स्टँडिंग इन द ट्रेन" यात 'स्टँडिंग' काढलं तर दोन तास कशात गेले हेच कळत नाही. ज्याच्यावाचून आधीचं वाक्य अपुरं राहतं, त्याच्या आधी चिन्ह येऊच शकत नाही. 'ही केम रनिंग' म्हणजे तो धावत आला, इथेही नाही. मराठीतला 'त', म्हणजे धावत, हसत, रडत, हा क्रियापदाला इतका घट्ट लागून असतो की इंग्रजीतही तो लागूनच राहतो. तुकडा लांबला की मात्र लिहिणाऱ्याला थोडी मोकळीक मिळते. "शी सॅट बाय द विंडो रीडिंग द लेटर फ्रॉम हर ब्रदर" हे स्वल्पविरामाने आणि स्वल्पविरामाशिवाय, दोन्ही प्रकारे छापलेलं आढळेल. मी देत नाही, कारण बसणं आणि वाचणं एकत्रच चाललंय.

आता सुरुवातीचा तुकडा. इथला नियम सोपा आहे: तुकडा आधी, मग स्वल्पविराम, मग कर्ता. "गेटिंग ऑफ ॲट दादर, आय रॅन टोवर्ड्स द ब्रिज." दादरला उतरून मी पुलाकडे धावलो. पण मराठी माणसाच्या हातून इथे एक चूक अगदी सहज होते, आणि तिचा उगम आपल्याच भाषेत आहे. आपण म्हणतो, "दादरला उतरताना पाऊस सुरू झाला." मराठीत हे निर्दोष आहे. 'ताना'ला कर्ता एकच असावा लागत नाही. उतरणारा मी, सुरू होणारा पाऊस, कोणाला काही खटकत नाही. हेच इंग्रजीत नेलं तर होतं: "गेटिंग ऑफ ॲट दादर, द रेन स्टार्टेड." इंग्रजी वाचणाऱ्याच्या दृष्टीने आता दादरला उतरला तो पाऊस. स्वल्पविराम अगदी योग्य जागी आहे, तरी वाक्य चुकलं, कारण स्वल्पविरामानंतर येणारा कर्ता हाच तुकड्याचा कर्ता असतो, असं इंग्रजी मानते.

हे पकडायचं तर 'ताना'च्या जागी 'ऊन' घालून मराठीत म्हणून पाहा. "दादरला उतरून पाऊस सुरू झाला" हे आपल्याच कानाला चुकतं. 'ऊन' सहसा दोन्ही क्रियांना एकच कर्ता मागतो, जसा इंग्रजीतला तो तुकडा मागतो. 'ऊन' बसलं तर वाक्य तसंच ठेवा. नाही बसलं तर 'ॲज आय गॉट ऑफ ॲट दादर' असं पूर्ण उपवाक्य करा. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'डिपेंडिंग ऑन' असे काही शब्द या बंधनातून सुटलेले आहेत. ते आता शब्दयोगी अव्ययासारखे वापरले जातात, त्यांचा कर्ता कोणी शोधत नाही.

सुरुवातीला आयएनजी दिसलं म्हणून स्वल्पविराम दिलाच पाहिजे असंही नाही. "ट्रॅव्हलिंग फ्रॉम विरार टू चर्चगेट एव्हरी डे इज टायरिंग." रोज विरारहून चर्चगेटला प्रवास करणं दमवणारं आहे. इथे 'णं' लागलं, म्हणजे तो अख्खा तुकडा स्वतःच कर्ता आहे. कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्या मध्ये एकटा स्वल्पविराम कधीच येत नाही, कर्ता विरारपासून चर्चगेटपर्यंत लांब असला तरी. ऑफिसच्या मेलमध्ये ही चूक मला सर्वांत जास्त दिसते, कारण लांब कर्ता म्हणताना दम लागतो आणि शाळेतला श्वासाचा नियम आठवतो. "वेटिंग ॲट द गेट वॉज अ मॅन विथ अ डबा" यातही स्वल्पविराम नाही. ते उलटं केलेलं वाक्य आहे, 'वॉज वेटिंग' हे एकच क्रियापद दोन भागांत आलंय.

राहता राहिला वाक्याच्या मध्ये येणारा तुकडा. इथे स्वल्पविराम दोन तरी लागतात, नाहीतर एकही नाही. सोसायटीच्या फळ्यावर असं वाक्य लागलेलं असतं: "मेंबर्स, पेइंग मेंटेनन्स आफ्टर द टेन्थ विल बी चार्ज्ड इंटरेस्ट." उघडलेला स्वल्पविराम मिटवलाच नाही. दुसरा घालून तो मिटवला, तर सगळेच सभासद दहा तारखेनंतर भरतात आणि सगळ्यांना व्याज लागेल, असा अर्थ होतो, आणि वेळेवर भरणारे लोक सेक्रेटरींच्या दारात येऊन उभे राहतील. कोणत्या सभासदांना? उशिरा भरणाऱ्यांना. म्हणून पहिलाच काढायचा. उलट "द सेक्रेटरी, स्पीकिंग ॲट द मीटिंग, ॲग्रीड टू वेव्ह द इंटरेस्ट" यात सेक्रेटरी एकच, त्यामुळे दोन्ही हवेत. तुकडा लांब झाला की दुसरा विसरतो, तेव्हा दोन चिन्हांमधलं सगळं बोटाने झाकून उरलेलं वाचायचं. "द सेक्रेटरी ॲग्रीड टू वेव्ह द इंटरेस्ट" हे पुरं वाक्य आहे, म्हणजे दोन्ही स्वल्पविराम जागच्या जागी आहेत.